व्हीपीएन जोडलं जातं, पण सर्व्हर सापडत नाही: घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४

तिठा_०७

ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ आहे (म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते), राउटर १९२.१६८.१.१. त्यामागे एका लिनक्स मशीनवर (१९२.१६८.१.५) ओपनव्हीपीएन सर्व्हर चालतो: टन मोड (टनेलमधून फक्त आयपी पॅकेट जातात), यूडीपी ११९४. क्लायंटना १०.८.०.०/२४ मधले पत्ते मिळतात आणि सर्व्हर त्यांना १९२.१६८.१.०/२४ चा राउट पुश करतो, म्हणजे त्या पत्त्यांची वाट टनेलमधून आहे असं जोडताना कळवतो. राउटरवर १०.८.०.०/२४ साठी .५ कडे जाणारा स्टॅटिक राउट आहे. फाइल सर्व्हर .५० (म्हणजे १९२.१६८.१.५०, पुढेही असंच), हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर .६०, अंतर्गत वेबसाइट .७०, प्रिंटर .२०० आणि .२०१.

चौदा जण घरून जोडतात. आठ जणांचं सुरळीत चालतं. उरलेल्या सहा जणांचं टनेल उभं राहतं, १०.८.०.१ ला पिंग जातं, पण ऑफिसातलं सहसा काहीही उघडत नाही. या सहाही जणांच्या घरी पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होतात.

दिसणारी लक्षणं अशी. विंडोजवरून .५० ला पिंग केलं तर उत्तर स्वतःच्याच पत्त्यावरून येतं: "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.२३: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल". एकाकडे .७० उघडलं की घरच्या कॅमेऱ्याचं लॉगिन पान येतं. आणखी एकाकडे वायफायवर चालतं, केबल लावली की बंद.

फायरवॉल बंद करून पाहिली, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४०० केला, सगळी वाहतूक टनेलमधून जाईल असं रीडायरेक्ट-गेटवे लावून पाहिलं. फरक शून्य. ऑफिसचे पत्ते लगेच बदलता येणार नाहीत, कारण कॅमेरे, हजेरीचं यंत्र आणि प्रिंटर यांना हाताने पत्ते दिलेले आहेत. मग प्रत्येकाला घरचा राउटर बदलायला सांगणं एवढाच मार्ग उरतो का?

पाऊलवाट

नाही, आणि तो मार्ग टिकणारही नाही. आज सहा घरं बदलाल, उद्या कुणीतरी हॉटेलच्या वायफायवरून जोडेल.

तुमचं पॅकेट टनेलमध्ये शिरतच नाही, त्यामुळे फायरवॉल आणि एमटीयूशी याचा संबंध नाही. लॅपटॉपला घरच्या वायफायवर १९२.१६८.१.२३/२४ पत्ता मिळाला की राउटिंग टेबलात आपोआप एक ओळ बसते: "१९२.१६८.१.०/२४ हे सगळं याच तारेवर आहे." मग तुमचा सर्व्हर नेमका तोच /२४ टनेलमार्गे पुश करतो. दोन्ही राउटची लांबी (प्रिफिक्स, म्हणजे / नंतरचा आकडा) सारखी असल्यामुळे निवाडा मेट्रिकवर (पसंतीचा आकडा, कमी तो पुढे) होतो आणि बहुतेक वेळा घरचं नेटवर्क जिंकतं. लॅपटॉप घरातच "१९२.१६८.१.५० कोण?" असा एआरपी पुकारा (हा पत्ता कुठल्या उपकरणाचा, असं त्याच तारेवर विचारणं) करतो, कुणी ओ देत नाही, आणि विंडोज स्वतःच्या पत्त्यावरून अनरीचेबल छापतं. उत्तर स्वतःच्या पत्त्यावरून आलं म्हणजे एआरपी फसलं, ही या दुखण्याची पक्की खूण. पॅकेट टनेलमध्ये जाऊन पलीकडे हरवलं असतं तर "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" दिसलं असतं.

केबल लावल्यावर बंद पडण्याचं कारणही हेच. विंडोज इंटरफेसच्या वेगावरून आपोआप मेट्रिक ठरवतं. केबल जास्त वेगाची, म्हणून तिचं मेट्रिक कमी आणि तिचा राउट पुढे. वायफायवर योगायोगाने टनेल जिंकत होतं. मेट्रिक हाताने बदलून हे सोडवू नका. टनेल जिंकवलंत तर त्या माणसाचा घरचा प्रिंटर गायब होईल, आणि नवा अडॅप्टर आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रीडायरेक्ट-गेटवेने फरक का पडला नाही? तो (डेफ१ सह) ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन राउट टाकतो. हे डीफॉल्ट राउटपेक्षा नेमके आहेत, पण घरच्या /२४ पेक्षा कितीतरी ढोबळ. राउटिंगमध्ये सर्वांत लांब प्रिफिक्स जिंकतो, म्हणून १९२.१६८.१.५० साठी घरचा /२४ पुढेच राहणार.

एकदा डोळ्यांनी खात्री करून घ्या. लिनक्सवर "आयपी राउट गेट १९२.१६८.१.५०", विंडोजच्या पॉवरशेलमध्ये "फाइंड-नेटराउट" ला तोच पत्ता, मॅकओएसवर "राउट गेट". उत्तरात टनेलऐवजी वायफायचा इंटरफेस दिसला की निदान पक्कं.

कॅमेऱ्याचं पान उघडलं ही गोष्ट मात्र फार गांभीर्याने घ्या. ऑफिसचा समजून दुसऱ्याच उपकरणाला पासवर्ड दिला जातो आहे. ज्याने फाइल शेअर आयपीने जोडून ठेवला आहे, त्याचं विंडोज त्या पत्त्यावर जो कुणी उत्तर देईल त्याच्यापाशी न विचारता एनटीएलएम (विंडोजची जुनी पासवर्ड-पडताळणी) ओळखपरेड सुरू करतं. अनोळखी वायफायवर कुणी मुद्दाम हेच पत्ते वापरले, तर टनेल जोडलेलं असूनही पासवर्डचा हॅश त्याच्या हाती पडू शकतो.

अनुस्वार

टनऐवजी टॅप (इथरनेटचा थरच टनेलमधून नेणारा मोड) लावून ब्रिज केलं तर? मग दोन्हीकडे एकच नेटवर्क होईल, पत्ते सारखे असले तरी काय बिघडलं?

पाऊलवाट

@अनुस्वार, ब्रिज केल्यावर इथरनेटचा थर एक होतो, पण लॅपटॉपला दोन इंटरफेस आणि दोन्हींवर तोच /२४ ही स्थिती तशीच राहते. प्रश्न जिथे आहे तिथेच. वर घरच्या राउटरचा .१ आणि ऑफिसच्या राउटरचा .१ असे दोन दावेदार. कुणी चुकून लॅपटॉपवर वायफाय आणि टॅप एकत्र ब्रिज केले तर दोन डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारे) एकाच तारेवर येतील आणि ऑफिसातल्या मशीनना घरचे पत्ते मिळू लागतील. शिवाय अँड्रॉइड आणि आयओएसच्या व्हीपीएन व्यवस्थेत टॅप चालत नाही. हा रस्ता नकोच.

@तिठा_०७, आजच्या आज लोकांना कामाला लावायचं असेल तर पूर्ण /२४ पुश करणं थांबवा आणि फक्त लागणाऱ्या सर्व्हरचे /३२ राउट (प्रत्येकी एकाच पत्त्याचे) पुश करा: .५०, .६०, .७०, प्रत्येकी २५५.२५५.२५५.२५५ मास्क देऊन. /३२ हा /२४ पेक्षा नेमका असल्यामुळे मेट्रिक काहीही असो, तोच जिंकतो. क्लायंटच्या बाजूला काही बदलावं लागत नाही, फक्त पुन्हा जोडायचं.

याच्या मर्यादा ओळखून वापरा. .१ चा /३२ कधीही पुश करू नका, बहुतेक घरांत तोच गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा दरवाजा) आणि तोच डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) असतो. घरात .५० वर दुसरं उपकरण असेल तर टनेल चालू असेपर्यंत ते दिसणार नाही. आणि लॅपटॉपलाच घरच्या डीएचसीपीने .५० दिला असेल तर ऑफिसकडून काहीच इलाज नाही, कारण स्वतःच्या पत्त्याकडे जाणारं पॅकेट मशीन बाहेर सोडतच नाही. चौदा जणांत असा एखादा निघतोच.

काही जण /२४ चे दोन /२५ करून पुश करायला सांगतात. तेही जिंकतात, पण घरचा गेटवेसुद्धा टनेलमध्ये ओढला जातो. टनेल लगेच तुटत नाही, कारण पुढचा टप्पा म्हणून गेटवेचा पत्ता इंटरफेससकट आधीच ठरलेला असतो. घरचा डीएनएस मात्र बंद पडतो. डीएचसीपी लीज (मिळालेल्या पत्त्याची मुदत) अर्ध्यावर आली की नूतनीकरणाची थेट विनंतीही टनेलमध्ये जाते आणि ८७.५ टक्क्यांवर ब्रॉडकास्ट होईपर्यंत अडकते. मुद्दाम घरचं नेटवर्क बंदच करायचं असेल तर ओपनव्हीपीएनमध्ये रीडायरेक्ट-गेटवेला ब्लॉक-लोकल हा पर्याय आहे. तो घरचं लॅन टनेलमध्ये वळवतो आणि गेटवे तेवढा वगळतो.

जलरेषा

/३२ ची मलमपट्टी ठीक आहे, पण सर्व्हर वाढले की यादी वाढत जाते. मी थेट १:१ नॅट (पॅकेटवरचा पत्ता एकास एक बदलणं) सुचवेन. क्लायंटला ऑफिस एका वेगळ्याच पत्त्यांत दिसेल आणि भाषांतर लिनक्स मशीन करेल.

आधी रेंज निवडा, आणि ती निवडताना घाई करू नका. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी वापरासाठी १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ दिल्या आहेत. जागा भरपूर आहे, लोक मात्र सुरुवातीच्या चारपाच रेंजमध्येच गर्दी करतात. टाळायच्या त्या अशा: १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ (घरचे राउटर), १०.०.०, १७२.१७ पासून पुढे (डॉकरचे ब्रिज), १९२.१६८.१२२ (लिबव्हर्ट), १९२.१६८.५६ (व्हर्च्युअलबॉक्स), १९२.१६८.१३७ (विंडोजचं इंटरनेट शेअरिंग), १७२.२०.१०.०/२८ (आयफोनचा हॉटस्पॉट), १९२.१६८.४३ (जुन्या अँड्रॉइडचा हॉटस्पॉट). १००.६४.०.०/१० मोकळी दिसते, पण ती २०१२ पासून इंटरनेट पुरवठादारांच्या सामायिक नॅटसाठी राखीव आहे आणि टेलस्केलही तीच वापरतं. तीही नको. तुमचा १०.८.०.०/२४ सुद्धा ओपनव्हीपीएनच्या उदाहरणांतून जसाच्या तसा उचललेला असतो. दुसऱ्या कुणाचं व्हीपीएनही वापरणारा माणूस असेल तर तिथे टक्कर होईल.

१०. नंतरचे दोन आकडे खरोखर यादृच्छिक घ्या. समजा १०.१८३.४६.०/२४. ही रेंज अशी निवडा की पुढे ऑफिसचे खरे पत्ते बदलाल तेव्हा तीच खरी रेंज होईल. म्हणजे लोकांना पत्ते, शॉर्टकट आणि सेटिंग एकदाच बदलावी लागतील.

आता लिनक्स मशीनवर. आयपीटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) नॅट टेबलात, प्रीराउटिंग साखळीत (राउट ठरण्याआधीचे नियम) एक नियम टाका: टन० वरून आलेलं आणि १०.१८३.४६.०/२४ कडे निघालेलं पॅकेट नेटमॅपकडे, "टू" म्हणून १९२.१६८.१.०/२४. शेवटचा आकडा तसाच राहतो: १०.१८३.४६.५० चं १९२.१६८.१.५० होतं, .६० चं .६०. परतीच्या उत्तराचं उलट भाषांतर कनेक्शन ट्रॅकिंग (चालू जोडण्यांची नोंद) आपोआप करतं, वेगळा नियम लागत नाही. मग सर्व्हरच्या कॉन्फिगमधून १९२.१६८.१.० चे जुने पुश काढा आणि १०.१८३.४६.० चा पुश टाका. मायक्रोटिकवर हेच डीएसटी-नॅट साखळीत नेटमॅप ही अ‍ॅक्शन देऊन होतं, पीएफसेन्सवर ओपनव्हीपीएन इंटरफेसवर १:१ नॅट देऊन.

फॉरवर्ड साखळीत नियम लिहिताना खरा पत्ताच लिहायचा. प्रीराउटिंग आधी होतं, त्यामुळे फॉरवर्डपर्यंत पॅकेट पोचतं तेव्हा गंतव्य १९२.१६८.१.५० झालेलं असतं. तिथे १०.१८३.४६ लिहिलंत तर नियम कधीच लागू होणार नाही.

डीएनएस तर हमखास विसरला जातो. तुम्ही डीएनएस म्हणून १९२.१६८.१.५ पुश करत असाल तर तो पत्ताही घरच्या रेंजमध्येच पडतो, म्हणून नावं सापडणार नाहीत. १०.८.०.१ पुश करा. तिथे डीएनएसमास्क या छोट्या डीएनएस सर्व्हरची स्वतंत्र प्रत चालवा, फक्त १०.८.०.१ वर ऐकणारी, वरचा सर्व्हर म्हणून ऑफिसचा डीएनएस दिलेली, आणि तिला ही एक ओळ द्या: एलियास, मग १९२.१६८.१.०, १०.१८३.४६.० आणि २५५.२५५.२५५.०, मध्ये स्वल्पविराम. ऑफिसच्या डीएनएसने .५० सांगितला तरी व्हीपीएनवरच्या माणसाला १०.१८३.४६.५० मिळेल. प्रत स्वतंत्रच हवी, नाहीतर ऑफिसात बसलेल्यांनाही बदललेले पत्ते जातील. एलियासचा बदल वरच्या सर्व्हरकडून आलेल्या उत्तरांना लागतो, त्याच मशीनच्या होस्ट्स फाइलमधल्या नोंदींना नाही. विंडोज एकाच वेळी सगळ्या अडॅप्टरवर नावं विचारतं, म्हणून ब्लॉक-आउटसाइड-डीएनएस हेही पुश करा.

तिठा_०७

मनापासून आभार. मेट्रिकचं कोडं आता उलगडलं. /३२ आधी लावले, सहापैकी पाच जण लगेच सुरू झाले. सहाव्याच्या लॅपटॉपला खरोखरच घरी .६० मिळालेला होता.

नेटमॅप आणि डीएनएस दोन्ही लावलं. आता उरलेलं असं:

नियम टाकला तेव्हा एका क्लायंटवर १०.१८३.४६.५० ला पिंग सतत चालू ठेवलं होतं. ते आलंच नाही. दुसऱ्या मशीनवरून मात्र लगेच आलं.

आधी चालत असलेल्या आठपैकी तिघांचा नेटवर्क ड्राइव्ह आता बंद आहे.

हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं, लॉगिनची खिडकी येते, पासवर्ड दिला की अर्ध्या मिनिटाने "सर्व्हर सापडला नाही".

प्रिंटर कुणालाच दिसत नाहीत. नीट चौकशी केली तर ते आधीच्या आठ जणांनाही कधी दिसत नव्हते.

जलरेषा

एकेक घेऊ.

पिंग: नॅटचा नियम फक्त नव्या कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटवर तपासला जातो. सतत चालणाऱ्या पिंगची नोंद नियमाआधीच कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये बसली होती आणि दर सेकंदाला ताजी होत होती. पिंग थांबवून तीस सेकंदांहून जास्त थांबा, किंवा कॉनट्रॅक टूलने जुन्या नोंदी पुसा. नॅटचा नियम बदलला की दरवेळी हे करा, नाहीतर बरोबर असलेला नियम चुकीचा समजून तासन्‌तास वाया जातात.

तिघांचा ड्राइव्ह: त्यांनी १९२.१६८.१.५० या आकड्याने जोडला असणार. तो राउट आता पुश होत नाही. आकडा काढून सर्व्हरच्या नावाने जोडा. नावाने जोडल्याचा आणखी एक फायदा म्हणजे डोमेन असेल तर कर्बेरॉस (एनटीएलएमपेक्षा सुरक्षित पडताळणी) चालतं. आकड्याने जोडलं की सहसा एनटीएलएमवर घसरण होते.

हिशेबाचं सॉफ्टवेअर: पहिलं कनेक्शन लागतं आणि पुढचं फसतं, म्हणजे सर्व्हर पोटातल्या माहितीत स्वतःचा पत्ता पाठवतो आहे: "पुढचं बोलणं १९२.१६८.१.६० वर करा." नॅट पॅकेटच्या माथ्यावरचा पत्ता बदलतं, आतला मजकूर बदलत नाही. एफटीपी आणि एसआयपीचीही हीच खोड. त्यांच्यासाठी लिनक्समध्ये मदतनीस मॉड्यूल आहेत, पण मजकूर एन्क्रिप्टेड असेल तर तीही आंधळी. आधी त्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आयपीऐवजी नाव देता येतं का पाहा. येत नसेल तर फक्त १९२.१६८.१.६० चा एक /३२ राउट पुन्हा पुश करा. तो नेटमॅपच्या वाटेला जातच नाही, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. सहाव्या माणसाच्या घरी राउटरच्या डीएचसीपीमध्ये लॅपटॉपला दुसरा पत्ता राखून द्या, त्याला तेवढं करावंच लागेल.

प्रिंटर: नव्वद टक्के खात्रीने सांगतो, त्यांच्यात गेटवे भरलेला नाही. ऑफिसातल्या ऑफिसात छापायला तो लागत नाही, म्हणून हाताने पत्ता देताना ती जागा रिकामी राहते. १०.८.०.६ कडून आलेलं पॅकेट प्रिंटरला पोचतं, पण उत्तर कुठे पाठवायचं ते त्याला कळत नाही. पडताळणीसाठी लिनक्स मशीनवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) दोन इंटरफेसवर एकाच वेळी लावा. टन० वर गंतव्य १०.१८३.४६.२०० दिसेल, लॅनवर १९२.१६८.१.२००. टन० वर दिसलं आणि लॅनवर नाही, तर फॉरवर्डचा नियम किंवा आयपी फॉरवर्डिंग तपासा. लॅनवर जाताना दिसलं आणि परत काही आलं नाही, तर दोष त्या उपकरणाचा. गेटवे भरता आला तर उत्तम. नाही तर पोस्टराउटिंगमध्ये (पॅकेट बाहेर पडतानाचे नियम) १०.८.०.०/२४ कडून १९२.१६८.१.२००/३१ कडे जाणाऱ्या पॅकेटना मास्करेड करा, म्हणजे ती लिनक्स मशीनच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसतील. /३१ मध्ये .२०० आणि .२०१ दोन्ही बसतात. मास्करेड सगळ्या नेटवर्कला लावू नका, फाइल सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक माणूस .५ म्हणून दिसायला लागेल आणि कुणी काय केलं ते शोधता येणार नाही.

सांधा

याच धाग्यात विचारतो. आमच्या दोन शाखा, दोन्हीकडे १९२.१६८.०.०/२४. दोन्ही टोकांना लिनक्स आणि स्ट्राँगस्वान, मध्ये आयपीसेक (एन्क्रिप्टेड टनेल, ते स्ट्राँगस्वान चालवतं). एकाच टोकावर नेटमॅप करून भागेल का? दुसऱ्या शाखेतल्या मशीनला हात लावायची परवानगी मिळवणं अवघड आहे.

पाऊलवाट

@सांधा, एका टोकावर भागत नाही. कारण असं: समजा दुसऱ्या शाखेला तुम्ही १०.६१.१४८.०/२४ असं नाव दिलं. तुमच्या गेटवेने १०.६१.१४८.५० हे गंतव्य बदलून १९२.१६८.०.५० केलं, की त्यानंतर राउटिंगचा निर्णय होतो, आणि १९२.१६८.०.०/२४ तर त्याच गेटवेच्या पोटाशी जोडलेलं आहे. पॅकेट टनेलकडे न जाता स्वतःच्याच लॅनवर परत येतं. मार्क लावून वेगळ्या राउटिंग टेबलाने ते वळवता येतं, पण सहा महिन्यांनी ते कुणालाच उलगडणार नाही. त्यापेक्षा परवानगी मिळवा. ज्याचं घर, त्यानेच आपल्या पत्त्यांचं भाषांतर करायचं.

पहिली शाखा बाहेर १०.६१.१४७.०/२४ म्हणून दिसेल, दुसरी १०.६१.१४८.०/२४ म्हणून. पहिल्या गेटवेवर दोन नियम. बाहेर जाताना पोस्टराउटिंगमध्ये: स्रोत १९२.१६८.०.०/२४, गंतव्य १०.६१.१४८.०/२४, नेटमॅपने स्रोत १०.६१.१४७.०/२४. आत येताना प्रीराउटिंगमध्ये: गंतव्य १०.६१.१४७.०/२४, नेटमॅपने १९२.१६८.०.०/२४. दुसऱ्या गेटवेवर हेच, १४७ आणि १४८ ची अदलाबदल करून. आयपीसेकच्या ट्रॅफिक सिलेक्टरमध्ये (कुठली पॅकेट टनेलमध्ये घ्यायची ती यादी) फक्त बाहेरचे पत्ते लिहायचे, १०.६१.१४७.०/२४ आणि १०.६१.१४८.०/२४. खरे पत्ते तिथे दिसता कामा नयेत.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक म्हणजे क्रम. आयपीसेकमधून जाणारं पॅकेटही इंटरनेटच्याच इंटरफेसवरून बाहेर पडतं, आणि तिथे इंटरनेटसाठी सरसकट मास्करेड आधीच लावलेलं असतं. तो नियम वर असेल तर पॅकेटचा स्रोत सार्वजनिक पत्ता होतो, सिलेक्टर जुळत नाही आणि पॅकेट उघड्यावर निघून जातं. टनेल मात्र हिरवं दिसत राहतं. नेटमॅपचा नियम मास्करेडच्या वर हवा. पीएफसेन्सवर फेज २ मध्ये नॅट/बायनॅटसाठी स्वतंत्र रकाना आहे, तिथे हा क्रमाचा गोंधळ होत नाही.

वायरगार्ड (आणखी एक व्हीपीएन) वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. अलाउड-आयपीज ही राउटची यादीही आहे आणि परवान्याचीही, म्हणून क्लायंटच्या यादीत भाषांतरित रेंज लिहायची. पिंगला "रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल" असं उत्तर आलं तर राउट टनेलकडे आहे, पण तो पत्ता कुठल्याच पीअरच्या यादीत नाही असं समजा. आणि नेटवर्क मॅनेजर वायफायच्या राउटला सहसा ६०० मेट्रिक देतो, तर डब्ल्यूजी-क्विकचा राउट शून्याचा. म्हणजे तिथे सारख्या /२४ मध्ये टनेल जिंकतं आणि घरचं नेटवर्क गायब होतं, तिठा_०७ यांच्या लक्षणांच्या बरोबर उलट.

उंबरठा

@तिठा_०७, नेटमॅपवर थांबू नका. जलरेषा यांनी रेंज निवडताना जे सांगितलं त्याच्यामुळे खरे पत्ते बदलणं आता बरंच सोपं झालं आहे, आणि एका रात्रीत सगळं उलटवण्याची गरज नाही.

राउटर आणि लिनक्स मशीन यांच्या लॅन इंटरफेसवर जुन्यासोबत दुसरा पत्ताही द्या: १०.१८३.४६.१ आणि १०.१८३.४६.५. आता एकाच तारेवर दोन्ही रेंज नांदतील आणि एकमेकींशी राउटरमार्गे बोलतील. राउटरच्या फायरवॉलमध्ये लॅनकडून लॅनकडे जाणाऱ्या वाहतुकीला मुभा आहे ना, ते आधी पाहा, आणि इंटरनेटसाठीच्या मास्करेडमध्ये नवी रेंज जोडा.

मग एकेक उपकरण हलवा. प्रत्येक उपकरण हलवल्यावर लिनक्सच्या प्रीराउटिंगमध्ये, नेटमॅपच्या वर, त्या एका पत्त्यासाठी अ‍ॅक्सेप्टचा नियम टाका. उदाहरणार्थ फाइल सर्व्हर खरोखर १०.१८३.४६.५० झाला की १०.१८३.४६.५० कडे जाणारं पॅकेट भाषांतराशिवाय पुढे जाईल, आणि बाकीच्यांचं भाषांतर चालूच राहील. व्हीपीएनवरच्या माणसाला यातलं काही जाणवत नाही, त्याच्यासाठी पत्ता तोच. ऑफिसच्या डीएनएसमधली नोंद त्याच वेळी बदला. डीएनएसमास्कचा एलियास १०.१८३.४६ च्या उत्तरांना हात लावत नाही, त्यामुळे तिथे काही करायचं नाही. डीएनएस नोंदींचा टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) मात्र आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा.

हाताने पत्ते दिलेल्या उपकरणांची यादी आठवणीवरून करू नका. ऑफिस भरलेलं असताना राउटरचं एआरपी टेबल काढा, सुट्टीच्या दिवशी पुन्हा काढा, आणि डीएचसीपीच्या लीज यादीशी ताडून पाहा. जो एआरपीत आहे आणि लीजमध्ये नाही, त्याला हाताने पत्ता दिलेला आहे. पत्ता बदलतानाच त्याला डीएचसीपी आरक्षणावर आणा, म्हणजे पुढच्या वेळी प्रत्येक कॅमेऱ्याच्या पानावर जावं लागणार नाही. हजेरीच्या यंत्राच्या बाबतीत दोन्ही बाजू बघा: यंत्रात सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो आणि सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्राचा.

साधे पीसी सर्वांत शेवटी. डीएचसीपीची लीज आधी एक तासावर आणा, पण हे जुन्या लीजच्या पूर्ण मुदतीइतकं आधी करायला हवं. विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरवर मूळ मुदत आठ दिवसांची असते, म्हणजे निदान आठ दिवस आधी. मग स्कोप बदलला की तासाभरात सगळे नव्या रेंजवर येतील. .६० हलला की त्याचा तो /३२ पुश आठवणीने काढा. सर्वांत शेवटी नेटमॅपचा नियम आणि एलियासची ओळ काढा, दुसरे पत्ते जुन्या रेंजचे राहिले असतील तेही.

तिठा_०७

प्रिंटरमध्ये गेटवे खरोखरच ०.०.०.० होता. दोन्हीकडे १९२.१६८.१.१ भरला, आता छपाई होते, मास्करेडची गरज पडली नाही. हिशेबाच्या सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये पत्त्याच्या जागी नाव चाललं, त्यामुळे .६० चा /३२ सुद्धा नको झाला आणि सहाव्या माणसालाही घरी काही बदलावं लागलं नाही. आयपीने जोडलेले सगळे ड्राइव्ह काढून नावाने जोडले. ज्याच्याकडे कॅमेऱ्याचं पान येत होतं, त्याचा ऑफिसचा पासवर्ड बदलून घेतला.

एआरपीची यादी आज काढली. लीजमध्ये नसलेले सतरा पत्ते निघाले, माझ्या वहीत अकराच होते. सुट्टीच्या दिवशी पुन्हा काढतो. फाइल सर्व्हरपासून सुरुवात करू की कॅमेऱ्यांपासून?

उंबरठा

कॅमेऱ्यांपासून. एखादा तासभर बंद राहिला तर कुणाचं काम अडत नाही, आणि अ‍ॅक्सेप्टचा नियम आणि राउटरवरची लॅन-ते-लॅन मुभा नीट चालते का ते तिथेच कळेल. फक्त रेकॉर्डरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता वेगळा लिहिलेला असतो, एक कॅमेरा हलवला की लगेच तिथे बदला आणि चित्र येतंय ते पाहूनच पुढचा घ्या. रेकॉर्डर आणि कॅमेरे वेगवेगळ्या रेंजमध्ये असतील तोवर सगळं चित्रण राउटरमधून जाईल. लहान राउटरला ते झेपत नाही, म्हणून रेकॉर्डर आणि त्याचे सगळे कॅमेरे एकाच बैठकीत हलवा.